चार संघांचा एक कागद

२७ ऑगस्ट

आजपासून ही वही. कारण आजपासून माझ्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आलं आहे.

व्यवस्थापक काका (क्लबातल्या सगळ्यांचेच काका, धंद्याने न्हावी) मुलीकडे कायमचे राहायला चालले. जाता जाता क्लबचं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, “एकोणीस वर्षं टेबलाशी बसून गुण लिहितेस आणि रद्दी प्रुफांच्या पाठीवर पोरींची अदलाबदल करतेस. कागदावर खूप झाली. आता खरी कर.”

मला वाटायचं हे कुणाला माहीत नाही. छापखान्यात एक मजकूर तपासून झाला की दुसरा हातात येईपर्यंत वेळ असतो. त्या वेळात मी पाठकोऱ्या कागदावर सहाही बास्केटबॉल संघ मांडते. ह्यांची ती तिकडे, तिकडची ही इकडे, तिसऱ्यांची आपल्याकडे. असं करत करत आमचा पूल क्लब (पुलाजवळचा म्हणून पूल) कागदावर आजवर सात वेळा विजेता झाला आहे. मैदानावर गेल्या वर्षी सहांत पाचवा.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “सांभाळून.” धाकटी, म्हणजे माझी बहीण आणि पूल क्लबची कप्तान, आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “ताई, मग मला तुझ्याशी एक बोलायचं आहे.” मी म्हटलं, बोल, पण आधी हे बघ, आणि तिला माझे तक्ते दाखवायला बसले. मग ते राहूनच गेलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून अदलाबदलीचा पंधरवडा. पंधरा तारखेला संध्याकाळी सहाला मुदत संपते. लीगचे चिटणीस शिंपी आहेत, आणि त्यांचं दुकान हीच कचेरी. त्यांनी नियम पुन्हा वाचून दाखवले, तोंडात टाचण्या धरून. जेवढ्या खेळाडू द्याल तेवढ्याच घ्या. प्रत्येक खेळाडूची स्वतःची सही हवी, दोन्ही प्रशिक्षकांची हवी. आणि एका संघाला वर्षातून एकच अदलाबदलपत्र.

ह्या शेवटच्या नियमापाशी सगळं घोडं अडतं. आज एका संघाशी, उद्या दुसऱ्याशी असं चालत नाही. जे करायचं ते एकाच कागदावर. म्हणून तर तीन-तीन, चार-चार संघ एकत्र गुंफावे लागतात.

आमचं दुखणं साधं आहे. आमच्याकडे रिंगखाली खेळणाऱ्या उंच सेंटर दोन: धाकटी, आणि बाविशीतली खांब (लीगमध्ये सगळ्या टोपणनावानेच ओळखल्या जातात). खांब उंचीने धाकटीलाही भारी, पण सदा बाकावर. चेंडू वर आणणारी चलाख मुलगी एकही नाही, आणि लांबून नेम लागणारीही नाही. म्हणजे घरात दोन शिड्या आणि चढायला माळाच नाही.

पहिली योजना अशी: खांब स्टेशन संघाला. स्टेशनची तिखट जाईल टेकडी संघाला. टेकडीची भिंगरी आपल्याला. भिंगरी चेंडू घेऊन निघाली की समोरच्यांना फक्त तिची वेणी दिसते. तरी ती बाकावर, कारण टेकडीच्या प्रशिक्षकांची भाची त्याच जागी खेळते.

आमच्या कोचबाईंना दाखवलं. त्या बेकरीत काम करतात, कोपरापर्यंत पीठ. हात न धुताच कागद धरला आणि म्हणाल्या, “उंटावरून शेळ्या छान हाकतेस. आता खाली उतर आणि एकेकीला विचार.”

कागदावर पिठाची बोटं उमटली आहेत. नवा काढावा लागेल.

३ सप्टेंबर

स्टेशन संघाचे प्रशिक्षक सिग्नल खात्यातले. सरळ माणूस. “ती पोर कच्ची आहे,” म्हणाले. “तुमची मोठी सेंटर द्या. तिखट उद्या घेऊन जा.”

मोठी म्हणजे धाकटी. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, “उद्या माझा उजवा हात मागाल.”

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, “स्टेशनवाल्यांचं काय म्हणणं?” मी म्हटलं, काही नाही, आडमुठे आहेत. तिने पुन्हा विचारलं, “म्हणजे नेमकं काय म्हणाले?” कप्तान म्हणून काळजी वाटत असणार. उगाच तिचं मन कशाला दुखवा, म्हणून खरं सांगितलं नाही.

ती थकलेली दिसते. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात तिची बदली जूनपासून स्टेशनकडे झाली. दोन बस बदलून जाते, सकाळी सहाला निघते ती रात्री आठला परत. तिच्या जुडग्यात एक नवी किल्ली दिसली. कुठल्या लिफ्टखोलीची असेल.

५ सप्टेंबर

खांबला आज सांगितलं की तुला स्टेशनला पाठवायचा विचार आहे. तिने मान हलवली, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि मग एवढी सहा फुटांची मुलगी पाण्याच्या नळाशी जाऊन रडायला लागली. तिची आई अंथरुणाला खिळलेली, घर मैदानासमोर. खिडकीतून आईला ती खेळताना दिसते. मला हे माहीत नव्हतं. तिचे गेल्या तीन वर्षांतले सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत आणि हे माहीत नव्हतं.

योजना बारगळली. नाकी नऊ आले.

७ सप्टेंबर, रविवार

भिंगरीला भेटले. टेकडीवरच्या रोपवाटिकेत काम करते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांचा ट्रे.

“आमच्याकडे येशील?” मी विचारलं.

“हे मला विचारताय?” ती म्हणाली. “चार वर्षांत दोनदा माझ्या नावाची बोलणी झाली. दोन्ही वेळा मला चौथ्या माणसाकडून कळलं. कुठे खेळायला आवडेल, असं आजवर एकानेही विचारलं नाही.”

“मग मी विचारते. कुठे?”

“जिथे भाची नसेल तिथे,” ती म्हणाली, आणि दोघी हसलो.

परत येताना टेकडी उतरत होते तेव्हा लक्षात आलं, माझे तक्ते एका बाजूनेच भरलेत. कुणाला काय येतं ते आहे. कुणाला काय हवंय ते नाही. नवी पानं पाडली. डोक्यावर एकच मथळा: हवंय काय?

९ सप्टेंबर

दोन दिवसांत अकरा जणींना भेटले. छापखान्यात मालक म्हणाले, “तुमच्या नजरेतून चार चुका सुटल्या, असं आधी कधी झालं नाही.” खरं आहे. सुटल्या.

स्टेशनची तिखट राहते टेकडीवर. रोज सरावाला खाली उतरते आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून अर्ध्यावर सोडते. तिला टेकडीकडूनच खेळायचं आहे. आमची बचावातली चिकटपट्टी (एकदा प्रतिस्पर्ध्याला चिकटली की सुटत नाही) ऑक्टोबरपासून नर्सिंगला जाणार, वसतिगृहात. तिला नर्सेसच्या संघात जायचं आहे, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. आणि नर्सेसची दूरबीण, जिचे लांबचे नेम मी एकोणीस वर्षांत पाहिलेले सगळ्यांत सुंदर नेम आहेत, तिला तिथून सुटायचं आहे. का? तर त्यांच्या मेट्रनबाईच त्यांच्या प्रशिक्षक. “वॉर्डात त्याच, मैदानात त्याच,” दूरबीण म्हणाली. “एखाद दिवशी स्वप्नातही शिटी वाजवतील.”

जो तो आपापल्या जागी अवघडून बसला आहे आणि प्रत्येकाला वाटतं, फक्त आपणच. चार संघांचं चक्र आज जवळजवळ जुळलं. भिंगरी आणि दूरबीण आपल्याकडे. चिकटपट्टी नर्सेसकडे. तिखट टेकडीला. एकच कोपरा उघडा आहे: तिखटच्या बदल्यात स्टेशनला उंच सेंटर कोण देणार?

धाकटी शेजारी येऊन बसली होती. बराच वेळ त्या उघड्या कोपऱ्याकडे बघत होती. म्हणाली, “इथे काय लिहिणार?” मी म्हटलं, डोकं खाऊ नकोस, सापडेल. ती उठून गेली.

१२ सप्टेंबर

सापडत नाही. बंदर संघाला विचारलं, बाजार संघाला विचारलं. उंच मुली काय झाडाला लागतात?

खांबला परत भेटले, माफी मागायला. तिलाही तो प्रश्न विचारला. तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, “मला धाकट्याताईंच्या जागी खेळायचं आहे. त्या आहेत तोवर बाक. पण त्या गेल्या तर मी रडेन.” वेडी.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाबा सहसा बोलत नाहीत. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, बारकं काम, तोंड बंद. आज सकाळी मी जेवणाच्या टेबलावर पानं पसरून बसले होते तेव्हा भिंग डोळ्याला लावून त्यांनी ती सगळी वाचली. मग भिंग काढलं.

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” म्हणाले. “अख्ख्या लीगला विचारून आलीस. घरात एक खेळाडू आहे. तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? ती कप्तान आहे.”

“बरं,” म्हणाले आणि चहाचा कप घेऊन आत गेले.

धाकटी अंगणात सायकलची चेन पुसत होती. गेले. उभ्या उभ्याच विचारलं, जसं इतरांना विचारलं तसंच. तिने चेन खाली ठेवली.

“मला स्टेशनकडून खेळायचं आहे, ताई. आणि मी तिथे एक खोली घेतली आहे. जुलैपासून.”

मी म्हणाले, “जुलै?”

“रिकामी आहे. जाणं जमत नाही. रोज ठरवते आज तुला सांगेन.”

“आमचं काय चुकलं?”

“काही नाही गं. तेच तर.” ती काळ्या हातांकडे बघत होती. “आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू माझी वेणी घातलीस, डबा दिलास, मी खेळायला लागले तर तू गुणलेखक झालीस. अजूनही बास्केट झाली की मी आधी टेबलाकडे बघते. तू लिहिलंस ना म्हणून. चौतिसाव्या वर्षी! मला एकदा नुसतं खेळायचं आहे. कप्तान नको, कुणाची बहीण नको.”

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक हात धू म्हटलं.

१४ सप्टेंबर

आज लिहायचं नाही.

(संध्याकाळी.) उघड्या कोपऱ्यात नाव लिहिलं. चक्र बंद झालं. एकही रेघ चुकीची नाही. असा तक्ता जमला की मी एरवी उठून खोलीत दोन फेऱ्या मारते.

१५ सप्टेंबर, सोमवार

शिंप्याच्या दुकानात एका वेळी चार माणसं मावतात. आज तेरा होतो. इस्त्री चालू, सगळ्यांना घाम. भिंगरीने चिखलाच्या बुटांनी एका नव्या कोटावर पाय दिला. चिटणीसांनी डोळे मिटून घेतले.

साडेपाचपर्यंत टेकडी, स्टेशन आणि (धाकटी सोडून) आमच्या सह्या झाल्या. मेट्रनबाई पेन हातात धरून थांबल्या.

“माझी मुलगी माझ्याकडून का जाते आहे, हे मला कागदावर दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही.”

मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तोच दूरबीण पुढे झाली. “बाई, दिवसभर मी तुमचंच ऐकते. तुम्ही चांगल्या आहात म्हणून ऐकते. पण संध्याकाळी मला दुसऱ्या कुणाचं तरी ऐकू द्या. नाहीतर तुमचा आवाजच नकोसा होईल मला, आणि ते मला नको आहे.”

सहाला दहा कमी. मेट्रनबाईंनी चष्मा पुसला, सही केली, पेनाचं टोपण लावलं. “उद्या सकाळी सातला ड्युटी आहे,” म्हणाल्या. “आणि पुढे सामने जिंकलात तरी उशीर चालणार नाही.”

शेवटची सही धाकटीची. तिने पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहायची तसं, अक्षर मोठं करून.

कागद मंजूर झाला. लीगमध्ये चार संघांची अदलाबदल ही पहिलीच. माझं अभिनंदन झालं. मी पायीच घरी आले.

२१ सप्टेंबर, रविवार

धाकटी गेली. दोन बॅगा, एक हत्यारपेटी, सायकल. खोली बघायला ये म्हणाली. म्हटलं, येईन, सध्या सराव आहेत. बाबा दोनदा जाऊन आले.

४ ऑक्टोबर

पहिला सामना. बंदर संघाकडून अठरा गुणांनी हरलो. भिंगरीचे पास इतके जोरात की एक खांबच्या नाकावर बसला. दूरबीण सोडत होती ते रिंगच्या आसपासही नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “कप्तान विकून काय आणलंत?”

व्यवस्थापक असल्याने आमच्या सामन्यांना मला टेबलावर बसता येत नाही. हात रिकामे. ते कुठे ठेवावेत तेच कळेना.

खरं लिहिते. मला वाटलं, मी गावाचं करायला गेले आणि घर मोडलं. बहीण गेली, संघ गेला, आणि सगळे म्हणतील हिला कागदावरच ठेवायला हवं होतं. कोचबाईंना म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, “पीठ भिजवल्या भिजवल्या भट्टीत घालतेस का? थांब की जरा.”

१९ ऑक्टोबर, रविवार

एक हरलो, एक जिंकलो. भिंगरी आता पास देण्याआधी खांबला हाक मारते. नाक वाचतं.

धाकटी दर रविवारी येते. बाबांशी तासभर बसते, मग “पाय मोकळे करून येते” म्हणून खेळाचे बूट घालून जाते ती दोन तासांनी घामाघूम होऊन परतते. स्टेशनकडे चालायला जागा नसेल. मी खांबच्या आईला फळं द्यायला गेले तर खांबही घरात नव्हती. मुलींचे पाय घरात ठरत नाहीत.

२ नोव्हेंबर

जिंकलो. चौदा गुणांनी! खांबने आज बोर्डाला पाठ देऊन डावीकडून अशी गिरकी घेतली की मी उभी राहिले. हुबेहूब धाकटी. उंच मुलींना ते आपोआप येत असावं. कोचबाईंना विचारलं, तुम्ही शिकवलंत? म्हणाल्या, “मी? छे,” आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

१६ नोव्हेंबर

सलग पाच विजय. दूरबीण रात्रपाळी संपवून, चार तास झोपून येते आणि एकवीस गुण करते. मेट्रनबाई सामना बघायला आल्या होत्या, शेवटच्या रांगेत, नर्सेसचा सामना नसताना. चिकटपट्टी त्यांच्याकडे फुलली आहे. टेकडीला गेल्यापासून तिखट पूर्ण वेळ खेळते. सहाही संघांत इतकी चुरस मी पाहिली नव्हती.

पण सगळ्यांत वर स्टेशन आहे. धाकटी या मोसमात जशी खेळते आहे तशी ती आमच्याकडे कधीच खेळली नव्हती. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

३० नोव्हेंबर

अंतिम सामना, शनिवारी. पूल विरुद्ध स्टेशन. आम्ही अकरा वर्षांनी.

बाबा म्हणतात, मी मधल्या खुर्चीत बसेन.

६ डिसेंबर, शनिवार

जिंकलो. अठ्ठावन्न–छप्पन्न. पूल क्लब विजेता, आणि ह्या वेळी कागदावर नाही.

आधी हे लिहून टाकलं, कारण पुढचं नीट लिहायचं आहे.

पहिल्या अर्ध्यात आम्ही नऊने मागे होतो. धाकटीला कुणी अडवू शकत नव्हतं. ती बास्केट करायची आणि वळून मागे पळायची, कुठेही न बघता. टेबलावर दुसरंच कुणी बसलं होतं. मी तिसऱ्या ओळीत. मग भिंगरीने चेंडू हातात घेतला आणि खेळ आमच्या गतीने व्हायला लागला. दूरबिणीचे सलग तीन लांबचे. तिसऱ्या सत्रात खांबने धाकटीलाच पाठ दिली, डावीकडून गिरकी घेतली आणि चेंडू आत. धाकटी जागीच उभी राहिली आणि मला वाटतं हसली. अंगावर बास्केट झाल्यावर कुणी हसतं?

शेवटची चार सेकंदं. आम्ही दोनने पुढे, चेंडू स्टेशनकडे. सगळ्यांना माहीत होतं तो कुणाकडे जाणार. धाकटीने तो घेतला, खांबला चुकवलं, अगदी जवळून सोडला. चेंडू रिंगवर बसला. फिरला. एकदा, दोनदा.

माझ्या मुली बाकावर एकमेकींना घट्ट धरून उभ्या होत्या. कोचबाईंनी तोंड झाकलं होतं. हा संघ मी जमवला, एकेकीच्या दारात जाऊन. आणि मी, त्यांची व्यवस्थापक, मनात म्हणत होते: जा, आत जा, बाळा, जा.

तो बाहेर पडला.

मग शिटी, आरडाओरडा, खांबने मला उचललं, माझी चप्पल कुठेतरी गेली. खांबच्या आईला खुर्चीत बसवून आणलं होतं, ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. मी रडले ते सगळ्यांना आनंदाने वाटलं. होतंच की आनंदाचं. बरंचसं.

७ डिसेंबर, रविवार

हे धाकटीच्या खोलीत बसून लिहिते आहे. पहिल्यांदाच आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणारीला बिनलिफ्टची खोली, म्हणाले तर ती म्हणाली, “कामावरचं काम घरी कोण आणतं?” एक खाट, एक टेबल, खिडकीखाली रुळांचं जाळं. भिंतीवर हत्यारं उंचीप्रमाणे लावलेली. स्वच्छ आहे. मला उगाच वाटलं होतं की नसेल.

तिने अंडी केली, पाव भाजला. मी एकदा उठून मदत करायला गेले तर म्हणाली, “बस. पाहुणी आहेस.” बसले.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, “वाईट वाटतंय?”

“हरल्याचं? खूप.” तिने पावाचा तुकडा मोडला. “पण ताई, काल चेंडू हातात होता ना, तेव्हा डोक्यात कुणीच नव्हतं. चेंडू आणि रिंग. असं मला कधी झालं नव्हतं.”

मग मी तिला सांगितलं. तो रिंगवर फिरत होता तेव्हा मला काय वाटलं ते. सांगणार नव्हते, पण सांगितलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की आता ओरडणार. “तू त्यांची व्यवस्थापक आहेस ना गं?”

“आहे.”

“आणि तुला वाटत होतं की आत जावा?”

“हो.”

“अगं, मग हे कुणाला सांगू नकोस. काढून टाकतील तुला.” आणि ती हसायला लागली, ती इतकी की खाटेवर आडवी झाली, आणि मीही. खालून मालगाडी गेली, लांबच लांब, आणि ती जाईपर्यंत आम्ही हसत होतो.

आता ती झोपली आहे. अंगावर पांघरूण नाही. टाकावंसं वाटलं, उठलेही. पण ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं, म्हणून पुन्हा खुर्चीत बसले.